पालथा हात

कुठल्याही यंत्राला पहिल्यांदा हात लावायचा तो पालथा, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी कळलं होतं. तळहात लावला आणि आत वीज असली तर बोटं आपोआप मिटतात, वस्तूला धरून बसतात. पालथा हात झटक्यानं मागं येतो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे माझ्याकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. सेनगावात बसस्थानकाच्या पलीकडं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं, आणि सगळं गाव त्यांना मिस्तरी म्हणायचं. कथिलाचे डाग देता देता त्यांच्या बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झाली होती की चुलीतला निखारा उचलून ते बिडी पेटवायचे. त्या बोटांना बारीकसारीक वीज कळत नसे. म्हणून मी सोळा वर्षांची झाल्यापासून दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओला आधी माझा पालथा हात लागायचा. आबा विचारायचे, "शकू, मुंग्या?" मी म्हणायचे, "न्हाई," आणि रेडिओ गिऱ्हाइकाच्या हाती जायचा. तो माझ्या एका शब्दावर जायचा, हे आता लिहिताना जाणवतं. तेव्हा त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

दुकान पुढं आणि घर मागं. मधे दार नव्हतं, नुसता गोणपाटाचा पडदा होता, त्यामुळं इकडचं सगळं तिकडं जायचं. सकाळी माय भाकरी थापायला बसली की पडद्याच्या या बाजूला तिची थपथप आणि त्या बाजूला आबांच्या रेडिओची खरखर, आणि रस्त्यावर "हिंगोली, हिंगोली" म्हणून जीपवाल्यांचा ओरडा. डाग देताना वितळणाऱ्या राळेचा धूर चुलीच्या धुरात मिसळायचा. तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा, सगळ्यालाच त्या राळेचा वास लागतो अशी मायची तक्रार असे. "एखाद दिशी माझ्या भाकरीत कथील निघंल," ती म्हणायची, आणि आबा भाकरी उलटीपालटी करून, कानाशी वाजवून बघायचे. ते तिला असं चिडवायचे आणि ती खरंच चिडायची. लग्नसराईत भोंगे भाड्यानं गेले की घर एकदम मोकळं वाटायचं, आणि सराई संपली की आम्ही चार महिने भोंग्यांना वळसा घालून झोपायला जायचो.

आबांच्या डोक्यात आवाज साठवायचं वेड कधी शिरलं ते मला सांगता येणार नाही. एका निवृत्त मास्तरांनी विकायला काढलेला चकतीचा मोठा टेपरेकॉर्डर त्यांनी घरी आणला, त्या दिवसापासून ते दुरुस्तीच्या कामात कमी आणि बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यावर जास्त दिसू लागले. कुठं नगारा वाजतोय, कुठं कोण म्हातारी जुनी गाणी म्हणते, याची त्यांना खबर असे. पण टेपरेकॉर्डरला थेट माईक जोडला की आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा यायचा आणि मागं सतत फसफस. आबा मला समजावून सांगायचे, "माईकातून निघणारी वीज लई नाजूक असती बाई. तिला टेपापर्यंत चालवत न्यायची तर आधी अंग धरू दिलं पायजे." ते अंग धरू देणारी पेटी म्हणजे प्रीअँप. तो बाजारात मिळत असेलही, आमच्या बाजारात मिळत नव्हता. आबा म्हणाले, "आपण करू." मी म्हणाले, "मी करते."

ही माझी आगाऊपणाची वर्षं होती. आपल्याला सगळं येतं असं मला वाटायचं, आणि त्यातलं बरंच खरंच येत होतं, हे जास्त वाईट. हिंगोलीला भंगारातले जुने रेडिओ विकणारे करीमचाचा होते, त्यांच्याकडून मी काचेचे वॉल्व निवडून आणले. वॉल्व निवडायची रीत अशी की तो जोडून, तापू देऊन, काचेवर पेन्सिलीनं हळूच टकटक करायची. काही वॉल्व गप राहतात, काही त्या टकटकीनं थाळीसारखे घुमतात. घुमणारा टाकून द्यायचा, तो माणसाच्या आवाजातही घुमत राहतो. पेटीचा पत्रा मी कापला, भोकं मी पाडली, डाग पहिल्यापासून शेवटपर्यंत माझे. दोन माईक लागतील अशी सोय केली, एक गळ्याला, एक वाद्याला, आणि दोघांना वेगवेगळं बटण. चालू केला की अर्धा तास त्याला तापू द्यायचा. आत केशरी उजेड धरला की मग माईकपुढं बोलायचं. पहिल्यांदा आबा माईकपुढं नुसतं खाकरले आणि मी कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ते खाकरणं इतकं जवळ, इतकं खरं आलं की मी दचकून मागं पाहिलं.

फक्त मागं एक घुं होतं. बारीक, सलग, न थांबणारं. मी तारा पिळून घेतल्या, ट्रान्सफॉर्मर लांब सरकवला, पेटी आडवी केली, उभी केली. ते जाईना. शेवटी आबांनी पेटीच्या पत्र्याला एक जाड तार लावली आणि मोरीमागं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी नळीला नेऊन बांधली. ही आमची अर्थिंगची नळी. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ पुरलेलं असायचं आणि आंघोळीचं पाणी तिच्यावरूनच वाहत जायचं, त्यामुळं माती कायम ओली. तार बांधली आणि घुं एकदम गेलं. आबा इतके खूश झाले की त्यांनी मायला हाक मारून हेडफोन तिच्या कानाला लावले. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग काढून माझ्या हातात दिले. "बोलत व्हतं तवा कळत तरी व्हतं ते जागं हाय म्हून," ती म्हणाली. "आता गप झालं ते मला काही बराबर वाटत न्हाई." आम्ही बापलेक हसलो.

भोंगे ठेवायची खोली आम्ही रेकॉर्डिंगसाठी रिकामी केली. भिंतींना वाकळी टांगल्या, खिडकीत गोणपाट कोंबलं. पंखा लावता येत नसे, त्याचा आवाज यायचा, म्हणून उन्हाळ्यात मातीच्या जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि त्या गारव्यावर भागवायचं. चपला बाहेर काढायच्या, कारण चपलेची कुरकुर टेपावर ऐकू येई. यंत्राजवळ मात्र एक लाकडी पाट ठेवलेला असायचा आणि जो कुणी पेटीला किंवा माईकला हात लावेल त्यानं पाटावर उभं राहूनच लावायचा, हा आबांचा नियम. आणखी एक सवय त्यांची: गाणारा माणूस बटणाच्या "खट" आवाजाला बुजतो म्हणून ते टेप आधीच फिरता ठेवायचे. बिचाऱ्याला वाटायचं अजून तयारीच चाललीय, आणि तेवढ्यात त्याचं चांगलं गाणं टेपावर येऊनही जायचं. आम्ही नगारा घेतला, थाळी घेतली, एका धनगराची बासरी घेतली. नगाऱ्याला माईक दाराजवळ ठेवावा लागे, बासरीला वितीवर. हे सगळं आम्ही चुकत चुकत शिकलो.

जमनीबाई या खोलीत आली ती पहिल्यांदा होळीच्या गाण्यांसाठी. सेनगावपासून चार-पाच कोसांवरच्या तांड्यावरची, साठीच्या घरातली, उंच, आणि अंगावर तांड्याच्या बायकांचा तो सगळा साज. भिंगांची काचोळी, हातभर बांगड्या, केसांत चांदीचे झुपके. तिनं नुसता हात हलवला की माईकमध्ये भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं व्हायचं. आबा म्हणाले, "बांगड्या काढाल का थोड्या वेळापुरत्या?" तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की आबांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मग मी जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन तिच्या बांगड्यांमधून एकेक पट्टी ओवत बसले. तेवढा अर्धा तास ती माझ्याशी बोलत राहिली. तिचा आवाज जाड होता, किंचित फुटलेला, आणि वॉल्वमधून गेला की त्याला मधाचं वजन यायचं. पट्ट्या ओवताना मला तिच्या गळ्यावर, डाव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ दिसली. "ही कायची?" मी विचारलं. "हाये आपली," ती म्हणाली. "दुखत न्हाई. दुखती तवा बघू."

दुखायला लागली तेव्हा उशीर झाला होता. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की गळा कापून गाठ काढावी लागेल आणि तिच्यासोबत आवाजही जाईल. हे तिनं स्वतः येऊन आबांना सांगितलं, पीक बुडाल्याची बातमी सांगावी तितक्या शांतपणे. तिचा एकच हट्ट होता. तिला ढावलो टेपावर ठेवायचा होता. ढावलो म्हणजे त्यांच्यात नवरी सासरी निघताना आपल्या माणसांच्या गळ्यात पडून जे रडत म्हणते ते. ते कुणी गाणं म्हणून म्हणत नाही, सरावासाठी म्हणत नाही, घरात गुणगुणतसुद्धा नाही. तांड्यावर कितीतरी मुलींना ढावलो तिनंच शिकवला होता, पण प्रत्येकीला एकेक ओळ, तुटक, शेतात नेऊन. आबांनी आधी दोनदा मागितला तेव्हा तिनं साफ नाही म्हटलं होतं. "नवरी कुठाय?" ती म्हणाली होती. "बिननवरीचा ढावलो सुरू केला की त्या घरातून कुणीतरी जायाच लागतंय मिस्तरी." आता ती म्हणाली, "मीच जाऊन राहिले न्हवं. माझ्याच नावानं म्हणते. नातींना तरी ऐकाय मिळंल." माय पडद्याआड उभी होती. त्या दिवशी तिनं देवापुढचा दिवा दुपारीच लावला.

ठरलं ते असं, की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती नांदेडला जाणार, आणि आदल्या दुपारी आमच्याकडं येणार. दुसरा दिवस मिळणार नव्हता, कारण दवाखान्याची तारीख पक्की होती. आणि ती यायच्या पहाटे चैत्रातलं धुळीचं वारं सुटलं. पत्रे उडाले, बसस्थानकावरचा लिंब आडवा झाला आणि आमच्या ओळीतली न्यूट्रल तार तुटली. विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला दुसरी. परतीची तुटली की येणारी वीज घराच्या दाराशी येऊन नुसती थांबते. लाईनमन म्हणाला, परवापर्यंत थांबा. आमच्याकडं तेव्हा कुणी थांबत नसे. परतीची तार नसली की लोक ती कसर मातीकडून भागवायचे: जमिनीत नळी ठोकायची, पाणी ओतायचं आणि वीज मातीत सोडून द्यायची. निम्म्या गावात त्या दिवशी असंच चाललं होतं. आबांनीही तेच केलं. आमच्या घरी नळी एकच, मोरीमागची. तिलाच घराची परत जाणारी वीज जोडली आणि तिलाच माझ्या पेटीचा पत्रा आधीपासून बांधलेला होता.

यातला धोका आबांना पुरता ठाऊक होता. माती ओली आहे तोवर वीज खाली जिरते. माती वाळली की ती नळीतच तुंबते, आणि नळीला जे जे बांधलंय त्या सगळ्यात चढते, पेटीत, पेटीतून माईकच्या लोखंडात. म्हणून त्यांनी आधी पेटीची तार सोडून पाहिली. घुं इतक्या जोरात परत आलं की त्याच्याखाली बाईचा आवाज बुडालाच असता. त्यांनी तार पुन्हा बांधली, पण किती तरी वेळ तिथंच बसून राहिले. मग मला म्हणाले, "शकू, नळीवर घडीघडी पाणी वतायचं. आन् सुरू करायच्या आधी माईकला हात लावून बघायचं. मुंग्या आल्या की बंद. मग ती बाई रडू दे का काही करू दे. समजलं?" मी म्हणाले, "समजलं." सकाळी तीनदा पाणी ओतलं, तीनदा हात लावला. काही नव्हतं.

जमनीबाई टळटळीत उन्हात आली, तिच्या मुलासोबत. तो तिला सोडून एसटीच्या चौकशीला गेला. तिनं आमच्याकडं भाकरीचा एक तुकडाच खाल्ला, गिळताना मान वाकडी करत. मी तिच्या बांगड्यांत चिंध्या ओवल्या. खोलीत गरम होत होतं म्हणून मी उरलेली घागर जमिनीवर शिंपडली. नळीवर ओतायचं पाणी त्यातच संपलं. आडावर जाऊन यायला हवं होतं, मी मनात म्हणाले, सुरू तर होऊ दे. आबा पाटावर उभे राहिले, हेडफोन कानाला लावले आणि नेहमीप्रमाणे टेप फिरता केला. जमनीबाई लाकडी तखतावर वाकळ टाकून बसली होती, तिच्यापुढं उभ्या दांडीवर माईक. तिनं डोळे मिटले होते आणि ती आतल्या आत रडायला लागली होती. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी माईकला पालथा हात लावला.

मुंग्या होत्या. फार नव्हत्या. मनगटापासून कोपरापर्यंत सरसरत गेल्या आणि थांबल्या. मी सांगते ते खरं सांगते, त्या क्षणात मी पुष्कळ विचार केला. पाणी आणायला गेले तर हिचं रडणं मोडेल. आबांना सांगितलं तर ते बंद करतील, आणि उद्या हिचा गळा कापणार. माईकला तसंही कुणी हात लावणार नाही, ती तखतावर, आबा पाटावर. आणि या सगळ्याच्या तळाशी अजून एक होतं, ते मी बरीच वर्षं स्वतःलाही सांगितलं नाही: पेटी माझ्या हातची होती, आणि तिच्यातून हा आवाज जाताना मला ऐकायचाच होता. आबांनी हळूच विचारलं, "शकू, मुंग्या?"

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात जमनीबाईनं श्वास घेतला आणि ढावलो सुरू झाला. "याडी," म्हणजे आई, अशी तिनं हाक मारली आणि तो शब्द इतका लांबवला की तो संपतो की नाही असं वाटावं. मी तखताच्या कडेला टेकले होते. दुसऱ्या ओळीला तिचे हात उठले. ढावलो मोकळ्या हातानं म्हणता येत नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती, बहुतेक तिच्याही. जन्मभर ती हे कुणाच्या तरी गळ्यात पडूनच म्हणत आली होती. तिनं मला ओढून तखतावर घेतलं, माझ्या मानेभोवती दोन्ही हात टाकले आणि तोंड माझ्या खांद्यात घालून गाऊ लागली. माईक तिकडं, तिचं तोंड इकडं. हेडफोनमध्ये आबांना आवाज लांब जाताना कळला असणार. ते पाटावरून उतरले, ओल्या जमिनीवरून दोन पावलं आले आणि माईकची दांडी मुठीत धरून माझ्या पाठीमागं, तिच्या तोंडाशी आणली.

मला ते दिसलं नाही. माझं तोंड भिंतीकडं होतं. जमनीबाईचे डोळे मिटलेले. विजेनं धरलेला माणूस ओरडत नाही, त्याला ओरडता येत नाही. तिनं त्यानंतर एक अख्खी ओळ म्हटली, माझी मान तिच्या आसवांनी ओली झाली, आणि मला वाटत होतं आबा किती छान, किती स्थिर माईक धरून उभे आहेत. मग पडदा सरकला आणि मायचा आवाज आला, "शके, सोडव त्यास्नी." मी निसटायला गेले तर म्हातारीनं अजून घट्ट धरलं, तिला वाटलं गाण्यातलंच रडणं आहे. मायनं जमिनीवरचा पाट उचलला आणि आबांच्या हातावर मारला. एकदा, दोनदा. दांडी सुटली, आबा खाली पडले, मायनं भिंतीतली पिन ओढून काढली. पेटीतले केशरी दिवे हळूहळू विझत गेले. आबांच्या उजव्या तळहातावर काळा आडवा डाग होता. बाकी अंगावर कुठं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी जमनीबाईला घेऊन गेली, त्याच वेळी आम्ही आबांना घेऊन स्मशानाकडं निघालो. लाईनमननं येऊन नळी पाहिली आणि तो दोन वाक्यांत खरं काय ते बोलला, पण त्याचं बोलणं कुणाला धरून ठेवावंसं वाटलं नाही. गावाला दुसरं कारण मिळालं होतं. बिननवरीचा ढावलो भरल्या घरात म्हटला, मग घरातून माणूस जाणारच. हे गावात बोललं गेलं, तांड्यावर बोललं गेलं, आमच्या ओसरीवर माझ्या मावश्या बोलल्या, आणि शेवटी मायही बोलली. जमनीबाई महिन्याभरानं परत आली ती गळ्यावर पांढरी पट्टी घेऊन. तिला कुणाला काही सांगताच येत नव्हतं. तिला लग्नाला बोलावणं बंद झालं. मी हे सगळं ऐकत होते, वाढत्या वयाची, शहाणी, अंधश्रद्धेला हसणारी मुलगी. मला एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. मी भाकरी थापायला शिकले आणि गप्प राहिले.

टेप मी तिसऱ्याच आठवड्यात ऐकला, माय बाजाराला गेल्यावर. आबांचा प्रश्न, माझं उत्तर, मग तो श्वास. शेवटाकडं आवाज एकाएकी बारीक आणि उंच होत जातो, लहान पोरगी रडावी तसा, कारण पिन ओढल्यावर चकती हळू होत थांबली आणि लावताना ती नेहमीच्या वेगानं फिरते. त्याचं मला फार वाटलं नाही. मला फक्त माझं उत्तर नको होतं. टेप कापून जोडायचं काम मी रोज करायचे. ब्लेड घेऊन बसले, चकती हातानं मागंपुढं करून ती जागा शोधली. माझ्या "न्हाई"वरच तिचा श्वास सुरू होत होता. ते कापलं तर ढावल्याची पहिली हाक अर्धी जात होती, आणि आबांचे शेवटचे शब्द जात होते. मी टेप डब्यात घातला आणि डबा भोंग्यांच्या मागं ठेवला.

तुरी काढायच्या दिवसांत जमनीबाई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, बाहेरच बसली. मी पाणी दिलं, तिनं भांडं कपाळाला लावून खाली ठेवलं. मग तिनं स्वतःच्या पट्टीवर बोट ठेवलं, मग कानावर, मग आत, कापड टाकून ठेवलेल्या यंत्राकडं. मला पहिल्या खुणेतच कळलं होतं. मी म्हणाले, "काही आलं न्हाई मावशी. टेप कोरा हाय." ती माझ्याकडं बघत राहिली. तिला पटलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिला असंच वाटलं असणार की जे म्हणायला नको होतं ते यंत्रानंही घेतलं नाही. तिनं आपल्या तोंडावर हलकेच चापट मारली, एकदा, दोनदा, आणि उठून गेली. मी तिला हाक मारली नाही. पुढं चारेक वर्षं ती जगली असं कानावर आलं.

मी आयुष्यभर दुरुस्तीचंच काम केलं. वॉल्व गेले, टेप गेले, आता पोरं खिशातला फोन पुढं धरून रेकॉर्डिंग करतात आणि "मुंग्या?" असं त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. मागल्या महिन्यात अशीच एक मुलगी दारात आली. तांड्यावरच्या शाळेत शिकवते, जुनी गाणी गोळा करते. नाव निकिता. जमनीबाईची नात म्हणाली. "आजीचं कायबी न्हाई आमच्याकडं," ती म्हणाली. "होळीची गाणी तरी तुमच्याकडं असतील म्हून आले. ढावलो तर कोणी नावच काढू देत न्हाई. माझी माय अजूनबी म्हणती, आजीच्या ढावल्यानं मिस्तरी गेले. माझ्या लग्नातबी म्हटला न्हाई कुणी. आमच्या तांड्यावर बंदच झाला तो."

मी होळीची गाणी काढायला उठले आणि ढावल्याचा डबा काढून आणला. चकतीचा टेपरेकॉर्डर मी चालू हालतीत ठेवला आहे. टेप लावला. तिनं फोन पुढं धरला. "याडी" आलं तेव्हा तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. संपल्यावर तिनं मला टेप पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला, आणि माझं उत्तर येताच थांबवायला लावून मान वर केली.

"ही पोरगी 'न्हाई' म्हणती. काय न्हाई?"

मी तिला सांगितलं. नळी, पाणी, मुंग्या, सगळं, थांबत थांबत. मी थांबले तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोन अजून रेकॉर्डिंग करतोच आहे, आणि तिच्याही लक्षात आलं. तिनं तो बंद केला आणि हातात तसाच धरून बसली.

"आजीला हे म्हाईत व्हतं?"

"न्हाई."

तिनं डोळे पुसले, माझ्याकडं न बघता. "हे तांड्यावर ऐकवू का मी?"

"ऐकव," मी म्हणाले. "आधी माझं. मग तिचं."